जो बदल आईवडिलांत नाही, तो मुलीत कुठून आला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला अकॉन्ड्रोप्लेझिया, म्हणजे हातापायांची हाडं आखूड राहून उंची कमी राहण्याची जनुकीय स्थिती, असल्याचं निदान झालं. एफजीएफआर३ या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. तुम्हा दोघांचीही तपासणी झाली, पण तो बदल दोघांतही नाही. रिपोर्टवर 'डी नोव्हो', म्हणजे 'नव्याने झालेला', असा शेरा आहे. दोन्ही घराण्यांत असं कोणी नाही. दिवस गेल्याचं कळण्याआधी आईने छातीचा एक्स-रे काढला होता, पुढे सोनोग्राफीही बऱ्याच वेळा झाली. त्यातलं काही भोवलं का, हे मनातून जात नाही. वडिलांनी चाळिशी ओलांडली आहे. आणि असे बदल मुळात होतातच का, हेही तुम्ही विचारलं आहे.

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. गरोदरपणात झालेल्या कुठल्याही गोष्टीमुळे हा बदल झालेला नाही. मुलीच्या रिपोर्टवर 'हेटेरोझायगस' असं लिहिलेलं असेल. याचा अर्थ, या जनुकाच्या तिच्याकडे असलेल्या दोन प्रतींपैकी एक बदललेली आहे आणि एक नेहमीसारखी आहे, आणि हे तिच्या सगळ्या पेशींत तसंच आहे. गर्भ वाढू लागल्यानंतर कधी हा बदल झाला असता, तर तो काही पेशींत दिसला असता आणि काहींत नाही. सगळ्या पेशींत आहे म्हणजे पहिल्या पेशीतच होता, आणि पहिल्या पेशीत होता म्हणजे तो गर्भधारणेच्या आधीच तयार झालेला होता. अकॉन्ड्रोप्लेझियाच्या बाबतीत आपल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे: नव्याने झालेला बदल जवळजवळ नेहमी वडिलांकडून आलेल्या प्रतीवर असतो. त्यामुळे आईने काढलेला एक्स-रे इथे गैरलागू आहे. सोनोग्राफी तर ध्वनिलहरींवर चालते. डीएनएचं अक्षर बदलण्याइतकी ऊर्जा त्या लहरींत नसते.

वडिलांनी हे वाचून दोष आपल्याकडे ओढून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी जनुकीय समुपदेशन करते, आणि आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं की ते वडिलांच्या डोक्यावर जाऊन बसतं, हे नेहमी पाहते. ते तिथेही बसायला नको. का, ते समजण्यासाठी अक्षर बदलतं कसं हे नीट पाहावं लागेल.

माणसाच्या प्रत्येक पेशीत आईकडून सुमारे ३ अब्ज आणि वडिलांकडून सुमारे ३ अब्ज अक्षरं आलेली असतात. ए, टी, जी आणि सी ही चारच अक्षरं. पेशी दुभंगण्याआधी या ६ अब्ज अक्षरांची नक्कल करावी लागते. नक्कल करणारं एन्झाइम, डीएनए पॉलिमरेज, कमालीचं अचूक आहे, पण ते लाखभर अक्षरांमागे साधारण एखादं चुकीचं बसवतंच. चुकलं की ते लगेच मागे फिरतं, अक्षर काढतं आणि योग्य ते बसवतं. यातूनही सुटलेल्या चुका शोधायला दुरुस्तीची दुसरी यंत्रणा मागून फिरत असते. दोन्ही चाळण्यांतून गेल्यावर अब्ज अक्षरांमागे एखादी चूक उरते, बऱ्याचदा तीही नाही. म्हणजे काम करणारी रसायनं अतिशय दक्ष आहेत. पण शून्य चुका हे कुठल्याच सजीवाला साधलेलं नाही.

नक्कल होत नसतानाही डीएनए स्वस्थ नसतं. शरीराच्या उबेत आणि पेशीतल्या पाण्यात ते सतत झिजतं. एका पेशीतून दिवसाला हजारो अक्षरं साखळीपासून सुटून पडतात, आणि शंभरेक ठिकाणी सी या अक्षराचा अमोनियाचा गट गळून त्याचं भलतंच अक्षर होतं. विष, किरणं, औषधं यांतलं काहीही नसताना हे घडतं. आपण जिवंत राहतो ते दुरुस्तीच्या एन्झाइममुळे. ही झीज मोजून, ती भरून काढणारी यंत्रणा असलीच पाहिजे असं टॉमस लिंडाल यांनी दाखवलं. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, पॉल मॉड्रिच यांना आणि अझीझ सँकार यांना मिळालं ते याच कामासाठी.

आता तुमच्या मुलीच्या अक्षराकडे येऊ. रिपोर्टमध्ये ११३८ हा आकडा असेल. जनुकातल्या या जागी जी असायला हवं, तिथे ए आहे. जीजीजी या तीन अक्षरांचा अर्थ 'ग्लायसीन बसव' असा होतो. एजीजी झाल्यावर अर्थ 'आर्जिनीन बसव' असा होतो. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतलं ३८० क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललं. हे प्रथिन हाडांच्या लांबीवर लगाम ठेवतं. बदललेल्या प्रथिनाचा लगाम प्रमाणाबाहेर आवळला जातो, म्हणून हातापायांची हाडं आखूड राहतात. जगभरात अकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्या बहुतेक सर्व माणसांत नेमका हाच बदल असतो, आणि त्यातल्या साधारण ८० टक्क्यांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात.

हीच जागा का? या जीच्या अलीकडचं अक्षर सी आहे. सीच्या पाठोपाठ जी आलं की त्या सीवर बहुधा एक मिथाइल गट चिकटवलेला असतो. जनुकं बंद-चालू ठेवण्याच्या कामात पेशी त्याचा वापर करते. डीएनएची दुसरी साखळी उलट्या दिशेने वाचायची असते, त्यामुळे समोरच्या बाजूलाही सी आणि जी अशीच जोडी असते आणि तिथल्या सीवरही मिथाइल असतो. साध्या सीचा अमोनिया गळला तर युरॅसिल तयार होतं. युरॅसिल डीएनएचं अक्षरच नाही, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमला ते परकं म्हणून लगेच ओळखू येतं. पण मिथाइल असलेल्या सीचा अमोनिया गळला तर थेट टी तयार होतं, आणि टी तर डीएनएचंच अक्षर. जोडी जुळत नाही एवढाच काय तो पुरावा उरतो. तो वेळेत हाती लागला नाही आणि पेशी दुभंगली, तर नव्या साखळीत टीसमोर ए बसतो. जिथे जी होतं तिथे ए आलं. पुढच्या फेरीत पाहणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही. अशा जागी अक्षर बदलण्याचं प्रमाण इतर जागांच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असतं.

तेवढ्याने मात्र हिशेब लागत नाही. एखादं ठरावीक अक्षर एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना बदलण्याची सरासरी शक्यता आठेक कोटींत एक आहे. अकॉन्ड्रोप्लेझिया मात्र साधारण २० ते ३० हजार जन्मांमागे एक दिसतो. हा फरक दहापट नाही, हजार पटींहून मोठा आहे. उरलेलं स्पष्टीकरण वृषणात सापडलं, आणि माझ्या मते या विषयातला हा सर्वांत विलक्षण शोध आहे.

स्त्रीची बीजांडं ती जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. तिथवर पोचायला पेशींची वीस-पंचवीस विभाजनं पुरतात. पुरुषात मात्र शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशी वयात आल्यापासून वर्षाला सुमारे २३ वेळा दुभंगत राहतात. विशीतल्या पुरुषाचा शुक्राणू दीडशेच्या आसपास विभाजनांतून आलेला असतो, चाळिशीतल्याचा सहाशेच्या आसपास. आईस्लंडमधल्या दीड हजारांहून अधिक कुटुंबांचा डीएनए वाचून २०१७ मध्ये जे प्रसिद्ध झालं, त्यानुसार वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात सुमारे दीड नवं म्युटेशन, म्हणजे डीएनएतला असा बदल, वाढतं; आईच्या वयामागे साधारण तीन वर्षांत एक. पण अकॉन्ड्रोप्लेझियाचं प्रमाण वडिलांच्या वयाबरोबर याहून बरंच भराभर वाढतं. वृषणाचे बारीक तुकडे करून प्रत्येकातला डीएनए तपासल्यावर दिसलं, की हे म्युटेशन सगळीकडे सारखं विखुरलेलं नसतं, काही ठिकाणी त्याचे पुंजके असतात. एफजीएफआर३ मधला हा बदल हाडांची वाढ रोखतो, पण शुक्राणूंच्या मूळ पेशीला मात्र तो फायद्याचा ठरतो: बदललेली पेशी शेजारच्या पेशींपेक्षा थोडी जास्त वाढते आणि वर्षानुवर्षं आपला वंश वाढवते. म्हणजे म्युटेशन वारंवार होतं असं नाही. एकदा झालेलं म्युटेशन पुरुषाच्या शरीरात हळूहळू पसरतं. हे प्रत्येक पुरुषात, वय वाढेल तसं, थोड्याफार प्रमाणात घडतं.

विल्हेल्म वाइनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १९१२ मध्येच टिपून ठेवलं होतं, की अकॉन्ड्रोप्लेझिया असलेली मुलं भावंडांत बहुधा शेंडेफळ असतात. डीएनएची रचना कळायला तेव्हा चाळीस वर्षं अवकाश होता. पुढे १९५५ मध्ये लायोनेल पेनरोझ यांनी दाखवलं, की इथे मुलांचा क्रम किंवा आईचं वय महत्त्वाचं नाही, वडिलांचं वय महत्त्वाचं आहे. तरीही आकड्याचं भान ठेवा. पन्नाशीच्या वडिलांत ही शक्यता काही पटींनी वाढली, तरी ती हजारात एकाहून कमीच राहते. चाळिशीत मूल होऊ देण्याचा निर्णय चुकीचा होता, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

बाहेरच्या कारणांबद्दल दोन शब्द, कारण शंका तिथेच येते. किरणांमुळे म्युटेशन होतं हे खरं आहे. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून ते सिद्ध केलं, आणि १९४६ चं नोबेल त्यांना मिळालं. उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारशेजारचे टी एकमेकांना चिकटतात. ही इजा दुरुस्त करणारी यंत्रणा जन्मतः सदोष असेल, तर झेरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार होतो आणि लहानपणीच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. काही रसायनंही हेच करतात. पण त्वचेच्या किंवा फुप्फुसाच्या पेशीतला बदल त्या माणसापुरता राहतो, पुढच्या पिढीत जात नाही. आणि मुलांपर्यंत पोचणाऱ्या बदलांविषयी म्हणाल, तर हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांचा कित्येक दशकं अभ्यास झाला, त्यात जनुकीय बदलांची मोजता येईल अशी वाढ आढळली नाही. चेर्नोबिलच्या किरणोत्साराला सामोऱ्या गेलेल्या आईवडिलांच्या मुलांचे संपूर्ण जनुकसंच वाचून २०२१ मध्ये निघालेला निष्कर्षही हाच होता. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा त्यापुढे नगण्य आहे.

म्युटेशन एका अक्षराचंच असतं असंही नाही. तीच तीन अक्षरं ओळीने पुन:पुन्हा येत असतील, तर नक्कल करताना एन्झाइम घसरतं आणि ओळ लांबते. हंटिंग्टनच्या आजारात (मेंदूच्या एका आनुवंशिक आजारात) सीएजीची ओळ अशीच पिढीगणिक वाढत जाऊ शकते. गुणसूत्रं आपसात तुकडे बदलताना नीट जुळली नाहीत, तर एखादं जनुक गळतं किंवा दुहेरी होतं. आपल्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसतात ते अशाच एका दुहेरी झालेल्या जनुकामुळे, आणि रंगांधळेपणाही बऱ्याचदा त्याच जागेवरच्या चुकीच्या जुळणीतून येतो. अख्खं गुणसूत्र जास्तीचं आलं की डाऊन सिंड्रोमसारखी स्थिती निर्माण होते. तिथे आईच्या वयाचा संबंध येतो.

आता 'मुळात होतातच का' याबद्दल. अनेकांना वाटतं, म्युटेशन कशासाठी तरी होतं: शरीराला गरज पडली, परिस्थिती बदलली, म्हणून. तसं नाही, आणि हे फार सुंदर प्रयोगाने सिद्ध झालं आहे. साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जीवाणूंची अनेक छोटी छोटी कल्चर वेगवेगळी वाढवली आणि मग प्रत्येकावर जीवाणू मारणारा विषाणू सोडला. विषाणूशी गाठ पडल्यावर जीवाणू प्रतिकार 'शिकत' असते, तर प्रत्येक कल्चरमध्ये वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात काहींत एकही वाचला नाही, काहींत दोन-चार, आणि एखाद्यात शेकड्यांनी. याचा उलगडा एकाच रीतीने होतो: म्युटेशन विषाणू येण्याआधीच, आपल्या आपण झालेलं होतं. जिथे लवकर झालं तिथे त्याचा वंश मोठा झाला, जिथे उशिरा झालं तिथे छोटा. पुढे काय येणार आहे, हे म्युटेशनला ठाऊक नसतं. ते कुणाला शिक्षा म्हणून होत नाही आणि बक्षीस म्हणूनही नाही.

तुम्हा-आम्हांत एवढी विविधता का, याचं निम्मं उत्तर मिसळण्यात आहे. तुमच्या दोघांच्या प्रत्येकी २३ गुणसूत्रांच्या जोड्यांतून एकेक उचलण्याचेच ८० लाखांहून अधिक प्रकार होतात, शिवाय गुणसूत्रं आपसात तुकडेही बदलतात. पत्ते पिसण्यासारखंच हे: डाव दर वेळी निराळा, पण गड्डीत नवा पत्ता येत नाही. नवा पत्ता येतो तो म्युटेशनने. तुमचा डीएनए एका प्रमाण नमुन्याशी ताडून पाहिला, तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडेल. ते जवळजवळ सगळे वाडवडिलांकडून आलेले आहेत, पण त्यातला प्रत्येक फरक कधी ना कधी कुणा एका मुलात नव्याने उमटला होता. तुमच्या मुलीत असे नवे बदल साधारण ६० ते ७० असतील. तुमच्यातही तेवढेच होते, माझ्यातही होते. बहुतेक अशा जागी पडतात की काहीच बिघडत नाही. तुमच्या मुलीत त्यातला एक नेमका ११३८ वर पडला.

हा हिशेब मी अनेक आईवडिलांना करून दाखवते: जगात वर्षाला सुमारे १३ कोटी मुलं जन्मतात, प्रत्येकात साठेक नवे बदल. म्हणजे वर्षाला सात-आठ अब्ज नवी म्युटेशन, आणि आपला एकेरी जनुकसंचच ३ अब्ज अक्षरांचा. जगण्याशी विसंगत नसलेला एका अक्षराचा जवळजवळ प्रत्येक बदल पृथ्वीवर कुणा ना कुणात सतत होत असतो. निरोगी म्हणवणाऱ्या प्रत्येक माणसातही शंभरेक जनुकप्रती निकामी झालेल्या असतात; दुसरी प्रत चांगली असल्यामुळे किंवा त्या जनुकावाचून भागत असल्यामुळे ते जाणवत नाही.

एकच बदल चांगला की वाईट, हे पुष्कळदा परिस्थितीवर ठरतं. हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका एच्या जागी टी आलं की सिकल सेलचं हिमोग्लोबिन तयार होतं. दोन्ही प्रती तशा असतील तर गंभीर आजार. एकच असेल तर तीव्र मलेरियापासून संरक्षण, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. मलेरियाच्या प्रदेशांत तो बदल टिकला तो यामुळे. विविधता आटली तर काय होतं, ते चित्त्यांत दिसतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातील एका वन्यप्राणी उद्यानात मांजरांचा एक कोरोनाविषाणू शिरला आणि निम्म्याहून अधिक चित्ते मेले. तिथल्याच सिंहांना काही झालं नाही. पाळीव मांजरांत तो विषाणू थोड्यांनाच मारतो, कारण त्यांची प्रतिकाराची जनुकं परस्परांहून वेगळी असतात. चित्ते एकमेकांच्या इतके जवळचे झाले आहेत, की नात्यात नसलेल्या दोन चित्त्यांची कातडी परस्परांवर लावली तरी शरीर ती लगेच नाकारत नाही.

तेव्हा चुका शून्यावर आणणं कुठल्याच जातीला परवडलेलं नाही, आणि त्या चुकांचा भार कुणा कुटुंबाला उचलावा लागतो. हे न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्या व्यवहाराचं. पुढच्या मुलात हेच होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे. ती शून्य नाही, कारण क्वचित आईच्या किंवा वडिलांच्या बीजपेशींच्या एका गटात बदल असतो आणि रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. पुढच्या वेळी खात्री हवीच असेल, तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन नेमकं हेच अक्षर तपासता येतं. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नका. हाडांचा आखूडपणा बहुधा सहाव्या महिन्यानंतरच दिसू लागतो. तुमच्या भावाबहिणींना किंवा त्यांच्या मुलांना तपासणीची काहीच गरज नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर खर्च करू नका. मुलीची बुद्धी या बदलामुळे कमी होत नाही. डोक्याचा घेर, कवटीच्या तळाशी मज्जारज्जूवर येणारा दाब, झोपेतला श्वास आणि कान यांवर मात्र पहिली काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे ठरलेल्या भेटी चुकवू नका. ती मोठी झाली, की तिच्या प्रत्येक मुलाला हा बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के असेल. जोडीदारही अकॉन्ड्रोप्लेझियाचा असेल तर दोन्ही बदललेल्या प्रती एकाच मुलात येण्याची २५ टक्के शक्यता असते, आणि अशी बाळं बहुधा जगत नाहीत. ते बोलणं तिच्याशी, तिच्या वेळी करायचं. रिपोर्टची मूळ प्रत तोवर जपून ठेवा, तेव्हा तिला ती लागेल.